पत, लौकिक आणि माप : तंजावरच्या संदर्भात गृहस्थाच्या काटकसरीचे एक तुलनात्मक वाचन

१

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा विचार आजवर मुख्यतः वैभवाच्या अंगाने झाला आहे. इ. स. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी कावेरीच्या खोऱ्यात मराठी राज्य स्थापन केले आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर ते संपुष्टात आले. या काळाविषयी लिहिताना शहाजीराजांची नाटके, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वर मंदिरातील विस्तीर्ण मराठी शिलालेख आणि दुसऱ्या सरफोजीराजांचा विद्याव्यासंग यांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो, आणि तो यावा हे योग्यच आहे. परंतु त्या वैभवाचा जमाखर्च कोणी सांभाळला, त्यासाठी घरात कोणी हात आखडता घेतला, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेने क्वचितच विचारला आहे. इतिहासकाराने विचारायचा प्रश्न म्हणून तो बाजूला ठेवण्यात आला. वस्तुतः तो वाङ्मयाचाही प्रश्न आहे. कारण ज्या भाषेत हे वाङ्मय निर्माण झाले तिच्यात आणि ज्या भाषेच्या सान्निध्यात ते वाढले तिच्यातही, घरखर्चाचा विचार हा नीतीचा आणि शैलीचा विषय म्हणून फार पूर्वीपासून मांडला गेलेला आहे.

प्रस्तुत लेखात तीन शब्दांच्या आधारे या विषयाकडे पाहावयाचे आहे : पत, लौकिक आणि माप. पत म्हणजे सावकाराचा विश्वास, लौकिक म्हणजे लोकांच्या मुखी असलेले घराचे नाव आणि माप म्हणजे आपल्या प्राप्तीची गृहस्थाला स्वतःला असलेली जाण. काटकसर ही दिखाव्याच्या विरोधी वृत्ती आहे, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. पुढील वाचनातून असे दाखविता येईल की, या प्रदेशाशी संबंधित ग्रंथांत काटकसर आणि दिखावा ही बहुधा एकाच घराची दोन दालने असतात. बाहेरच्या दालनात नाव राखले जाते आणि ते राखता यावे म्हणून आतल्या दालनात पोटाला चिमटा घेतला जातो. ग्रंथाग्रंथांतील भेद ठरतो तो या दोन दालनांची वाटणी कोणाकोणांत होते यावरून.

२

आरंभ समर्थ रामदासांच्या दासबोधापासून करणे सयुक्तिक ठरेल. तंजावर आणि मन्नारगुडी येथे समर्थ संप्रदायाचे मठ स्थापन झाले आणि या प्रांतातील मराठी भाषकांच्या धार्मिक व वाङ्मयीन जीवनावर या संप्रदायाचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात, म्हणजे स्वगुणपरीक्षेत, एका सामान्य जीवाचे चरित्र जन्मापासून वार्धक्यापर्यंत सांगितले आहे. त्यातील चौथा समास हा मराठीतील कौटुंबिक अर्थव्यवहाराचे पहिल्या प्रतीचे वर्णन म्हणून वाचला जावा अशा योग्यतेचा आहे.

या समासातील घटनाक्रम थोडक्यात असा. गृहस्थाला मुले पुष्कळ होतात आणि त्याच वेळी लक्ष्मी निघून जाते. घरात खावयास मिळेनासे होते. अशातच मुली उपवर होतात, मुलांना मुली सांगून येऊ लागतात. लग्ने केली नाहीत तर लोक काय म्हणतील, वडिलांचे नाव जाईल, ही चिंता गृहस्थाला ग्रासते. मागील कर्ज फिटलेले नसल्यामुळे नवे कर्ज मिळत नाही. पत मोडलेली असते, चीजवस्तू गहाण पडते, घरची जनावरे विकली जातात आणि उरलेला पैसा व्याजाने उभा केला जातो. लग्ने थाटाने पार पडतात. वडिलांचे नाव राखले म्हणून लोक वाखाणतात. त्यानंतर धनको घराला वेढा घालतात आणि गृहस्थ विदेशाची वाट धरतो. तेथे हलकी सेवा पत्करून काही जमवितो, परततो. घरच्यांचा आनंद चार दिवस टिकतो आणि वियोगाची वेळ पुन्हा येऊन ठेपते.

या कथनातील एक बाब विशेष लक्षणीय आहे. गृहस्थाला दारिद्र्य आले तेव्हा तो हळहळतो, परंतु तो खचून जातो तो दारिद्र्य उघडे पडण्याच्या भयाने. लोकलाज हा शब्द रामदासांनी या प्रसंगी योजला आहे, आणि तो केवळ भावनेचा वाचक राहत नाही. कर्जाचा हेतू, व्याजाचा दर, गहाण पडलेली वस्तू यांच्या रांगेत तोही खर्चाची एक बाब बनतो. पत आणि लौकिक यांच्यातील विपर्यस्त नाते रामदासांनी अचूक हेरले आहे. पत संपली की लौकिकाची गरज वाढते. लौकिक राखण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागते आणि उरलीसुरली पतही त्यात जाते. लोकांचे कौतुक आणि धनकोंचा वेढा यांत रामदास फारसे अंतर ठेवीत नाहीत. लागोपाठ येणाऱ्या त्या ओव्यांतला उपरोध कोणत्याही टिप्पणीशिवाय वाचकापर्यंत पोहोचतो.

अर्थात, या समासाचा हेतू वैराग्याचा उपदेश हा आहे. प्रपंचाची निःसारता पटावी म्हणून हे चरित्र सांगितले आहे. तथापि त्याच ग्रंथाच्या बाराव्या दशकाच्या आरंभी, प्रपंच आधी नीटनेटका करावा आणि मग परमार्थाकडे वळावे, असे रामदास सांगतात. या दोन स्थळांमध्ये मापाची संकल्पना दडलेली आहे. प्रपंच नेटका करणे म्हणजे प्राप्ती ओळखून तो करणे होय. तिसऱ्या दशकातील गृहस्थाला नेमके तेच साधत नाही, कारण तो आपल्या प्राप्तीने संसार मोजीत नाही, वडिलांच्या नावाने मोजतो.

३

रामदासांचा गृहस्थ विदेशाला निघतो, त्या वळणावर त्याची तुलना तमिळ वाङ्मयातील एका फार जुन्या गृहस्थाशी करता येते. शिलप्पदिकारम् या महाकाव्याचा पूर्वार्ध पुगार येथे घडतो. हे नगर कावेरीच्या मुखाशी होते. तो भाग पूर्वी तंजावर जिल्ह्यात मोडत असे आणि २०२० पासून मयिलाडुदुरै जिल्ह्यात आहे. सधन व्यापारी कुळातील कोवलन् वडिलार्जित संपत्ती गमावून पत्नीकडे परततो तेव्हा, कुळाने मिळविलेला द्रव्याचा डोंगर नाहीसा झाला आणि हे दारिद्र्य मला लाज आणते, अशा आशयाचे उद्गार काढतो. त्यावर कण्णगी पायातील नूपुर अजून शिल्लक आहेत असे सांगते. ते नूपुर भांडवल म्हणून घेऊन व्यापारासाठी मदुरेला जावयाचे ठरते आणि पहाट होण्यापूर्वी दोघे घर सोडतात.

दोन्ही ग्रंथांत दारिद्र्याचा पहिला परिणाम भूक हा नसून लाज हा आहे. दोहोंत ती लाज कुळाच्या नावाशी बांधलेली आहे आणि दोहोंत तिच्यापासून सुटण्याचा मार्ग म्हणजे देशांतर. परगावी माणूस निर्धन असला तरी त्याच्या निर्धनतेला साक्षी नसतात. मात्र कोवलन् कर्ज काढीत नाही. त्याच्यापाशी कण्णगीचे नूपुर आहेत, म्हणजे स्त्रीचे धन आहे. पहाटेच्या अंधारात निघणे हाही लौकिक राखण्याचाच प्रकार म्हणता येईल, परंतु त्यामुळे कोणा धनकोला फसविले जात नाही. रामदासांच्या समासात स्त्रीच्या वतीने असा प्रस्ताव येत नाही. तेथे चीजवस्तू गहाण पडते, पण ती कोणाची, हे सांगितले जात नाही. गहाण पडलेल्या वस्तूला मालकीण नसणे ही कथनातील एक मूक जागा आहे आणि पुढे तंजावरच्या घरात शिरताना ती ध्यानात ठेवावी लागेल.

शिलप्पदिकारमच्या जोडीला तिरुक्कुरळ ठेवला म्हणजे मापाची संकल्पना अधिक स्पष्ट होते. कुरळच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणाचा विषय राजाने आपले व शत्रूचे बळ जाणणे हा आहे. त्या प्रकरणाच्या अखेरीस मात्र अचानक घरखर्चाची भाषा येते. येणारी वाट अरुंद असली तरी हानी नाही, जाणारी वाट रुंद झाली नाही म्हणजे पुरे, असे ४७८ व्या कुरळात म्हटले आहे. त्यापुढच्या कुरळात माप न जाणता जगणाऱ्याचे जीवन असल्यासारखे भासते, परंतु नसतेपणाकडे जाऊन नष्ट होते, असा आशय आहे. मापासाठी तेथे अळवु हा शब्द आहे. राजाच्या सामर्थ्याचे प्रकरण गृहस्थाच्या जमाखर्चाने पूर्ण व्हावे, ही रचना अर्थपूर्ण आहे. तिरुवळ्ळुवरांच्या दृष्टीने सैन्यबळ आणि खर्चाचा अंदाज या एकाच प्रकारच्या जाणिवा आहेत.

परंतु त्याच ग्रंथातील कुलीनतेवरील शहाण्णवाव्या प्रकरणात, देण्याची शक्ती क्षीण झाली तरी जुने घराणे आपल्या स्वभावापासून ढळत नाही, असे ९५५ व्या कुरळात सांगितले आहे. ही दोन वचने शेजारी ठेवली की गृहस्थापुढील पेच पुरता उलगडतो. माप जाणावे, हे खरे. जुन्या घराने आपला स्वभाव सोडू नये, हेही खरे. देणे हाच ज्या घराचा स्वभाव आहे, त्याने प्राप्ती आटल्यावर काय करावे? कुरळ या प्रश्नाचे उत्तर एका वचनात देत नाही आणि बहुधा देऊ इच्छीतही नाही.

येथे साने गुरुजींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९३० च्या सत्याग्रहातील कारावासात त्यांना तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले होते. हे शहर तंजावरच्या निकटचे आहे. कुरळ मराठीत आणणारे हेच लेखक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहितात. त्या पुस्तकाच्या उत्तरार्धातील प्रकरणे कर्ज, जप्ती आणि अब्रू यांभोवती फिरतात. ‘अब्रूचे धिंडवडे’ हे एका प्रकरणाचे नावच आहे. कोकणातील एका उतरत्या घराण्याची ती कहाणी आहे. वडील पूर्वीच्या नावाने वागू पाहतात आणि आई उरलेल्या तेलमिठाचा हिशेब करते. तमिळ नीतिग्रंथातील ४७८ आणि ९५५ ही दोन वचने या घरात जणू दोन व्यक्तींमध्ये विभागली गेली आहेत. मराठी वाचकाने आईच्या बाजूने अश्रू ढाळले, परंतु ही विभागणी कोठून आली याचा विचार तुलनात्मक दृष्टीने फारसा केला नाही.

४

आता तंजावरच्या राजवाड्याकडे वळू. राजाचा विचार गृहस्थ म्हणून करणे काहींना अनुचित वाटेल, परंतु १७९९ नंतरची वस्तुस्थिती त्यास भाग पाडते. त्या वर्षाच्या ऑक्टोबरातील तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती सोपविला. त्या बदल्यात त्यांना दरसाल एक लाख स्टार पॅगोडा आणि प्रांताच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा होता. ज्याची प्राप्ती दुसऱ्याने ठरविली आहे आणि ज्याचा खर्च पूर्वजांनी ठरवून ठेवला आहे, असा पुरुष म्हणजे, पदवी काहीही असो, नेमणुकीवर संसार करणारा गृहस्थच होय. राजांची नेमणूक सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडची मोठी होती, हे खरे. तथापि प्राप्ती आणि लौकिक यांच्यातील तणाव रकमेच्या आकारावर अवलंबून नसतो.

या दृष्टीने सरफोजीराजांनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस पाठविलेले छत्रांविषयीचे पत्र मोलाचे आहे. तंजावर प्रांतातील छत्रे, म्हणजे वाटसरूंसाठी चालविलेली अन्नछत्रे व धर्मशाळा, आपल्या हाती राहावीत यासाठी ते लिहिले गेले. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे अन्न मिळे, आजाऱ्यांची शुश्रूषा होई, अनाथांचा सांभाळ होई, अध्यापनही चाले. पत्रातील महत्त्वाचे विधान असे की, तंजावर देश दानधर्मासाठी सर्वत्र ख्यात आहे आणि त्यापासून आपल्याला लाभणारे नाव हे आपण आपल्या पदाचे सर्वाधिक सन्माननीय भूषण मानतो.

हे पत्र रामदासांच्या समासाशेजारी ठेवून वाचले पाहिजे. वडिलांचे नाव राखण्याची धडपड दोन्हीकडे आहे. रामदास त्या धडपडीला दंभ म्हणतात. सरफोजीराजांच्या पत्राला तो शब्द लावता येईल का? सैन्य, न्याय, वसूल हे सारे गेल्यानंतर राजपणाचा जो अंश उरला तो देण्यात उरला, हे या पत्राचे सार आहे. येथे लौकिक म्हणजे केवळ लोकांचे मत राहत नाही. तो उरलेल्या थोड्या अधिकारांपैकी एक अधिकार ठरतो. त्या लौकिकापायी भुकेल्या वाटसरूच्या पानात भात पडत होता, हेही विसरता येत नाही. तिसऱ्या दशकातील लग्नाच्या थाटाने चार घटका वाहवा मिळविली, परंतु त्यातून कोणाचे पोट भरले नाही. लौकिकाचे मूल्य ठरविताना त्याचा लाभ कोणाला झाला, ही कसोटी लावावी लागते. ती तिसऱ्या दशकात लावलेली नाही, कारण वैराग्यपर विवेचनाला तिची आवश्यकता नव्हती.

याच कसोटीवर बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा शिलालेख उतरतो का, हे पाहण्याजोगे आहे. कारभार सोडल्यानंतर अवघ्या चार वर्षांत सरफोजीराजांनी भोसले कुळाचा समग्र वृत्तांत मराठीत कोरवून घेतला. तो चोळांनी बांधलेल्या, तमिळ शिलालेखांनी नटलेल्या मंदिरात कोरलेला आहे. वडिलांच्या नावासाठी केलेला हा खर्च आहे. यात्रेकरूला यातून अन्न मिळाले नाही. मात्र वाङ्मयेतिहासाला एक प्रदीर्घ गद्य मिळाले आणि परमुलखातील एका भाषिक समूहाला आपण कोण, हे सांगणारा दगड मिळाला. ९५५ व्या कुरळातील जुन्या घराण्याचा स्वभाव येथे देण्यातून लेखनाकडे सरकलेला दिसतो. प्राप्ती घटली की घराणे इतिहास लिहू लागते, असे सरसकट विधान करता येणार नाही. तंजावरपुरते मात्र ते लागू पडते.

५

बाहेरच्या दालनाचे हे वर्णन झाले. आतल्या दालनात शिरण्यासाठी आपल्यापाशी दोन प्रकारची साधने आहेत : शास्त्रग्रंथ आणि दफ्तर.

शास्त्रग्रंथांत गृहिणीच्या काटकसरीचा विचार प्राचीन आहे. पत्नीने खर्चात हात सैल सोडू नये, असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. कामसूत्राच्या भार्याधिकरणात हा विषय अधिक व्यवहार्य रीतीने येतो. वर्षाच्या प्राप्तीची मोजदाद करून त्यानुसार पत्नीने खर्च करावा आणि पती अतिव्यय किंवा अयोग्य व्यय करीत असेल तर त्याला एकांतात समजवावे, असा तेथील निर्देश आहे. एकांतात हा शब्द येथे निर्णायक आहे. माप पत्नीपाशी आहे, परंतु ते लोकांसमोर उच्चारण्याची मुभा तिला नाही. तिने तसे केले तर वाचविलेल्या पैशापेक्षा मोठी हानी होईल, म्हणजे पतीचा लौकिक जाईल. घरातील अंतर्बाह्य वाटणीचे याहून नेमके सूत्र सापडणे कठीण आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरच्या दरबाराशी संबंधित असलेल्या त्र्यंबकयज्वांनी स्त्रीधर्मपद्धति हा संस्कृत ग्रंथ रचला. ज्यूलिया लेस्ली यांनी १९८९ च्या ‘द परफेक्ट वाइफ’ या अभ्यासातून तो आधुनिक वाचकांसमोर आणला. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत स्त्रीने करावयाच्या कृत्यांचा क्रम त्यात आहे. झाडलोट, सारवण, धान्याची कामे, भांड्यांची निगा यांना धर्मकृत्याची प्रतिष्ठा दिलेली आहे. काटकसरीच्या अंगाने पाहता हा ग्रंथ दुहेरी काम करतो. घरकामाच्या श्रमाला तो अर्थ देतो. आणि त्याच वेळी त्या श्रमाचा हिशेब मागण्याची शक्यता काढून घेतो, कारण जे धर्म म्हणून केले त्याची किंमत विचारता येत नाही. ज्या नगरीत दानाचा लौकिक राजाच्या नावावर जमा होत होता, त्याच नगरीत घरातील बचत स्त्रीच्या धर्मात जमा होत होती.

दफ्तराची भाषा याहून निराळी आहे. सरस्वती महालातील मोडी कागदांत तंजावर दरबाराच्या दैनंदिन व्यवहाराच्या नोंदी मोठ्या संख्येने आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचा तमिळ अनुवाद प्रसिद्ध केला, के. एम. वेंकटरामय्या यांनी याच कागदांच्या आधारे मराठा काळातील राज्यव्यवहार व समाजजीवन यांवर तमिळमध्ये विस्तृत ग्रंथ लिहिला. मूळ कागद मराठी, त्यांचे सखोल वाचन तमिळमध्ये आणि मराठी वाङ्मयसमीक्षा मात्र त्यांपासून दूर, ही स्थिती तुलनाकाराने गंभीरपणे घ्यावी अशी आहे. शिलालेख आणि जमाखर्च या दोन्ही एकाच दरबाराच्या मराठी गद्याच्या शैली आहेत. पहिली नाव सांगते, दुसरी रक्कम सांगते. पहिलीत क्रियापदे पराक्रमाची आहेत. दुसरीत ती बहुधा गळूनच गेलेली असतात, कारण आकड्याला क्रियापद लागत नाही. तंजावरच्या गद्याचा अभ्यास या दुसऱ्या शैलीला वगळून पुरा होऊ शकत नाही.

६

दागिना हा या सर्व चर्चेतील सामायिक पदार्थ आहे. तो घरातील बचत असतो, बाहेरचा दिखावा असतो आणि अडचणीच्या वेळी पत असतो. या दृष्टीने कुरवंजी या नाट्यप्रकाराकडे पाहिले म्हणजे एक अनपेक्षित बाजू समोर येते.

कुरवंजीत डोंगराळ मुलखातून आलेली भटकी कुरव स्त्री विरहिणी नायिकेला भविष्य सांगते आणि बिदागी घेऊन जाते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील तिरिकूडरासप्प कविरायरांची कुट्राल कुरवंजी ही या प्रकारातील सर्वमान्य कृती होय. तिच्या उत्तरार्धात सिंगन् आपल्या पत्नीला, सिंगीला, शोधीत येतो आणि तिच्या अंगावरील दागिने पाहून चकित होतो. पायाला सापासारखे वेटोळे घालून हे काय बसले आहे, असे तो विचारतो. सिंगी एकेक दागिन्याचे नाव सांगते आणि तो कोणत्या मुलखात भविष्य सांगितल्याबद्दल मिळाला हेही सांगते. हा प्रसंग रंगभूमीवर विनोदी म्हणून साजरा होतो. परंतु आपल्या विषयाच्या संदर्भात तो कमालीचा गंभीर आहे. शिलप्पदिकारमपासून दासबोधापर्यंत पाहिलेल्या ग्रंथांत आपल्या अंगावरील प्रत्येक दागिन्याचा उगम उघडपणे सांगू शकणारी ही एकच स्त्री आहे. तिचा दागिना वेतन आहे. तिला कुळाचे नाव नाही, म्हणून गहाण ठेवण्यासारखे नावही नाही. लौकिकाच्या जाचातून मुक्त असलेले हे दारिद्र्य आहे; ते सुखाचे आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण नाटकाबाहेरच्या कुरव स्त्रीच्या वाट्याला असे दागिने कितपत आले असतील याची कल्पना करता येते.

या प्रकाराचे तंजावरात दोन आविष्कार झाले. कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकरांची शरभेंद्र भूपाल कुरवंजी तमिळमध्ये आहे. तिची नायिका सरफोजीराजांवर अनुरक्त आहे आणि हे नाट्य बृहदीश्वर मंदिरात सादर होत असे. सरफोजीराजांनी स्वतः मराठीत रचलेल्या देवेंद्र कोरवंजीत मात्र कुरव स्त्री इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते. तमिळ कृतीत राजा हा लौकिकाचा विषय आहे. मराठी कृतीत राजा स्वतः लेखक होतो आणि भटक्या स्त्रीच्या मुखी नवी विद्या घालतो. ज्याच्या हाती भूमी उरली नाही त्याने भूगोल रचावा, यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. मला त्यात मापाची जाण दिसते. राज्य वाढविणे शक्य नव्हते. ज्ञान वाढविणे शक्य होते, आणि एकंदर राजखर्चात ते तुलनेने स्वस्तही होते.

७

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. त्याबरोबर राजवाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली गेली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. ही राज्यसत्तेची कृती असून न्यायालयाला तिचा विचार करण्याचा अधिकार नाही, असे ठरले. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली.

हा खटला भारतीय विधीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याकडे पाहण्याचे कारण वेगळे आहे. दौलत कोणती आणि घरची चीजवस्तू कोणती, हा प्रश्न येथे एका स्त्रीने प्रथमच जाहीरपणे विचारला. कामसूत्रातील पत्नी हिशेब एकांतात बोलते. रामदासांच्या समासात गहाण वस्तूची मालकीण दिसत नाही. कण्णगी आपला नूपुर आपण होऊन देते आणि पुढे पांड्य राजाच्या सभेत त्याच नूपुराची मालकी सिद्ध करते. कामाक्षीबाईंचा दावा कण्णगीच्या त्या प्रसंगाच्या रांगेत बसतो. साम्य ओढून ताणून आणलेले नाही. दोन्ही ठिकाणी सत्तेने घरचा दागिना आपला ठरविला आहे आणि दोन्ही ठिकाणी विधवा स्त्री पुराव्यानिशी उभी आहे. काव्यात राजा चूक उमगताच प्राण सोडतो. न्यायालयात सत्ता आपल्या कृतीची चिकित्साच नाकारते.

राज्य गेल्यावर तंजावरच्या अनेक मराठी कुटुंबांनी रामदासांच्या गृहस्थाप्रमाणे विदेशी सेवेची वाट धरली, पण त्या सेवेचा अर्थ पालटला होता. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झाले. त्रावणकोरच्या कर्जबाजारी तिजोरीची घडी बसविणारा कारभारी म्हणून त्यांची ख्याती झाली. मापाची जी जाण आतल्या दालनात अबोलपणे पाळली जात होती, ती येथे सार्वजनिक गुण बनली आणि तिलाच लौकिक प्राप्त झाला. हा लौकिक पुरुषाच्या नावावर जमा झाला, हेही नोंदविले पाहिजे.

या वाचनातून निष्पन्न होणारी गोष्ट अशी. लौकिकाचे दडपण हा केवळ दुबळ्या मनाचा दोष मानणारी समीक्षा रामदासांच्या उपरोधापाशी थांबते. जुन्या घराण्याचा गौरव करणारी समीक्षा ९५५ व्या कुरळापाशी थांबते. तंजावरचे ग्रंथ व कागद एकत्र वाचले तर दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. लौकिक काही वेळा भुकेल्याचे पान असतो आणि काही वेळा सावकाराचा वेढा. तो काय आहे हे कळण्यासाठी त्याचा लाभ कोणाला झाला आणि त्याची भरपाई कोणी केली, हे दोन्ही विचारावे लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिलालेखांत, पत्रांत आणि नाटकांत पुष्कळसे आलेले आहे. दुसऱ्याचे उत्तर मोडी जमाखर्चांत आणि शास्त्रग्रंथांच्या मूक जागांत शोधावे लागेल, आणि त्यासाठी मराठीच्या अभ्यासकाला मोडी लिपी व तमिळ भाषा या दोहोंशी पुन्हा परिचय करून घ्यावा लागेल.